आधी विमान की आधी गाव

ऑक्टोबर लागला की मला घरात बसवत नाही. उगाच गराजचं दार उघडते, ड्राइव्हवेवरची पानं लोटते, आत येऊन चहा ठेवते आणि तो गार होईपर्यंत विसरते. टोरांटोजवळच्या आमच्या मिल्टनमध्ये घरांच्या प्रत्येक नव्या वसाहतीबरोबर एक तळं खणतात, पावसाचं पाणी साठवायला. या दिवसांत त्या तळ्यावर कॅनडा गीज, म्हणजे रानहंस, उतरतात. थव्याने येतात, कलकलाट करतात, उठतात, एक चक्कर मारून पुन्हा तिथेच बसतात. थंडीआधी दक्षिणेला जायचं तर आहे, पण कधी ते ठरत नाही. माझा नवरा अमेय खिडकीतून त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. बोललाच तर एवढंच म्हणतो, "झालं तुझं सुरू."

हे सुरू झालं दोन हजार सतराच्या ऑक्टोबरात. मी पस्तिशीची होते आणि एका विमान कंपनीत नवीकोरी वैमानिक.

पस्तिशीत नवीकोरी, हे सांगताना तेव्हा जीभ अडखळायची. मी अकोल्याची. शिकायला ओटावाला आले, तिथल्याच कनाटा उपनगरात सॉफ्टवेअरची नोकरी लागली, आणि एका शनिवारी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून एका छोट्या विमानतळावर गेले. दोन माणसांचं विमान होतं. खाली उतरल्यावर मैत्रीण म्हणाली, चल, जेवायला जाऊ. मला भूकच नव्हती. पुढची काही वर्षं नोकरी, लग्न, मिल्टनचं घर, ईराचा जन्म हे सगळं झालं, आणि त्या सगळ्याच्या फटीफटीतून मी लायसन्सं मिळवत गेले. मराठी मंडळाच्या दिवाळीत कुणीतरी काकू हमखास विचारायच्या, "अगं मनवा, आता? इतक्या उशिरा?" त्यांचा आवाज वाईट नसायचा. म्हणून जास्त लागायचं.

उत्तर ऑन्टारिओत मी दोन वर्षं छोटी विमानं उडवली. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. रस्ता पोचत नाही अशी गावं तिथे आहेत. तिथे डायपरचे खोके, स्नोमोबिलचे सुटे भाग, अंडी आणि दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं एकाच फेरीत जायची. थंडीत इंजिनाला गोधड्या पांघरायच्या आणि सकाळी त्या सोडताना बोटं बधिर व्हायची. ते काम मला मनापासून आवडायचं. पण हवा स्वच्छ असली की फार उंचावरून युरोपला जाणाऱ्या जेटच्या पांढऱ्या रेघा दिसायच्या, रेडिओवर त्यांच्या वैमानिकांचे शांत, झोपाळू आवाज यायचे, आणि त्या रेघा पुसट होईपर्यंत मी बघत राहायचे. तो मत्सर नव्हता. गाडी चुकल्यावर प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यासारखं काहीतरी.

मी तिकडे असताना ईराला सांभाळायला सांगलीहून सासूबाई आल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि दोन हिवाळे राहिल्या. त्यांना मी आई म्हणते.

मग कंपनीचं बोलावणं आलं. विमानतळाजवळच्या हॉटेलात, एका बिनखिडकीच्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. आठ जण होतो. मी मिल्टनहून रोज गाडीने जायचे. सकाळी ४०१ हायवेवर एक्झॉस्टच्या वाफा आणि लाल दिव्यांची रांग, संध्याकाळी तीच रांग उलट दिशेने. खोलीत दिवसभर हायड्रॉलिक्स, बर्फ, आगीची सूचना देणारे दिवे असं शिकवायचे आणि आम्ही माना डोलवायचो. लक्ष कुणाचंच नसायचं. सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, बिडचा दिवस, म्हणजे आपलं विमान आणि गाव निवडायचा दिवस.

वैमानिकांच्या जगात सगळं नंबरावर चालतं. ज्या दिवशी कंपनीत लागलात त्या दिवशी तुम्हाला नंबर मिळतो. कुठलं विमान उडवायचं, कुठल्या गावातून उडवायचं, दिवाळीला घरी असायचं की विनिपेगच्या हॉटेलात, हे त्या नंबरावर ठरतं. तुम्ही हुशार आहात की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पण एकाच दिवशी लागलेल्या आठ जणांत पहिला कोण? आमच्या कंपनीत त्याचं उत्तर सोपं होतं: वयाने मोठा तो पहिला. हे कळलं तेव्हा मी वर्गात नजर फिरवली. माझ्याहून मोठा एकटा मार्टिन होता, मॉन्ट्रियलचा, कानाजवळ पांढरा झालेला. बाकी सगळी मुलं माझ्याहून धाकटी, काही तर दहा-बारा वर्षांनी. ज्या वयाबद्दल मी इतकी वर्षं खालमानेने बोलत आले होते, त्याच वयामुळे मला दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळणार होती. घरी येऊन अमेयला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा इतका हसला की आई स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

मग रोज नवीन अफवा. टोरांटोच्या जागा आहेत. टोरांटोच्या जागा नाहीत. सगळ्यांना कॅल्गरीला पाठवणार. जेट या वेळी नाहीच. दुपारी कॉफीच्या टेबलाशी सगळे आपापली आशा दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. मी मार्टिनला विचारलं, "आधी विमान निवडावं की आधी गाव?"

तो कप फिरवत म्हणाला, "विमान निवडावं, गावं काय, बदलतात." मग स्वतःलाच फ्रेंचमध्ये खोडत म्हणाला, "नॉन. गाव निवडावं, विमानं बदलतात. मी माझ्या मुलाला दोन्ही सांगून पाहिलं. तो डेंटिस्ट झाला."

आमच्या घरी मात्र प्रश्न सुटलेलाच होता. टोरांटो मिळालं तर टोरांटो. विमान कुठलंही असो. त्या आठवड्यात कॅनडातल्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडलेले, हवेत लाकडाच्या धुराचा वास. आम्ही ईराला घेऊन सफरचंदं तोडायला गेलो. ती अमेयच्या खांद्यावर बसून वरची सफरचंदं ओढत होती आणि दोघं आपसांत कसल्यातरी विनोदावर हसत होती. तो विनोद मला माहीत नव्हता. मी अमेयला हळूच विचारलं, "समजा, टोरांटोला छोटं पंख्याचं विमान असलं आणि जेट लांब कुठेतरी असलं, तर?"

तो खांद्यावरच्या ईराचे बूट हातात धरून चालत राहिला. "तुझं तू ठरव," म्हणाला.

दोन माणसांमधली जी सगळ्यात उदार आणि सगळ्यात निरुपयोगी वाक्यं असतात, त्यातलं हे एक. मी तीन रात्री त्याच वाक्यावर कूस बदलत राहिले.

बिडच्या दिवशी सकाळी क्रू प्लॅनिंगची जोअॅन आली. हसरी बाई, हातात मार्कर. तिने पांढऱ्या फळ्यावर जागा लिहायला सुरुवात केली आणि खोलीतली कुजबुज थांबली. मॉन्ट्रियल, जेट, एक. व्हँकुव्हर, जेट, दोन. टोरांटो, पंख्याचं, एक. बाकी सगळ्या कॅल्गरीच्या, पंख्याच्या. फळ्यावर इतकंच होतं आणि आठ जणांचे संसार त्यात बसवायचे होते. जोअॅनने नियम पुन्हा सांगितला. घेतलेलं विमान दोन वर्षं बदलता येणार नाही, कारण एका माणसाला एक विमान शिकवायला महिने जातात. गाव मात्र जागा निघाली आणि नंबर पोचला की बदलता येईल.

म्हणजे टोरांटो घेतलं तर दोन वर्षं पंख्याचंच विमान, आणि मग जेटच्या रांगेत नव्याने उभं राहायचं. व्हँकुव्हर घेतलं तर आज जेट, आणि टोरांटो कधीतरी. कधी ते कुणीच सांगणार नव्हतं. व्हँकुव्हर म्हणजे मिल्टनहून देशाचं दुसरं टोक, पाच तासांची हवाई वाट, तीन तासांचा घड्याळातला फरक.

माझ्या शेजारी अँड्र्यू बसला होता. वर्गात माझ्यानंतर त्याचा नंबर. टोरांटोजवळच्या हॅमिल्टनचा, नुकतंच लग्न झालेला. तो फळ्याकडे बघत नव्हता. टेबलावर तळवे पालथे ठेवून बसला होता, दंतवैद्याकडे बसतात तसा.

मार्टिनने मॉन्ट्रियल घेतलं. सगळ्यांना माहीतच होतं. जोअॅन माझ्याकडे वळली.

मी टोरांटो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. हे मी अमेयलाही सांगितलंय, आणि त्याचा विश्वास आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही. तोंड उघडलं आणि मला एकदम दिसलं की मी पुढची दोन वर्षं घरी असेन आणि रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून वर बघेन. त्या बघण्याची किंमत घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या परीने चुकवेल. हे इतकं स्पष्ट दिसलं की मी घाबरले. माझ्याच आवाजात मला ऐकू आलं, "व्हँकुव्हर. जेट."

जोअॅनने फळ्यावर माझं नाव लिहिलं. तीच एक गोष्ट त्या दिवशी अगदी सहज घडली.

अँड्र्यूला टोरांटो मिळालं. मधल्या सुट्टीत तो माझ्यापाशी आला. त्याचे डोळे ओले होते. "थँक यू," म्हणाला. "तुझी मुलगी मिल्टनला आहे, मला माहितीये. तू माझ्यासाठी हे—"

"तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "मला ते विमान हवं होतं."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मग तर उत्तमच," म्हणाला. "माझ्यावर ओझं नाही." आणि जाऊन बायकोला फोन लावला. खोलीभर फोन लागत होते. एक मुलगा भिंतीकडे तोंड करून आईला कॅल्गरीचं सांगत होता. मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन अमेयला फोन लावला. डोक्यावरून एकामागून एक विमानं उतरत होती, चाकं बाहेर काढून, आणि दर वेळी मला बोलणं थांबवावं लागत होतं.

अमेय ओकव्हिलच्या ऑफिसात होता. "व्हँकुव्हर," मी म्हटलं.

"टोरांटो नव्हतंच?"

एक विमान गेलं. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. "होतं," मी म्हटलं. "एक होतं. पंख्याचं."

पलीकडे कुणाच्यातरी हसण्याचा आवाज, प्रिंटरची घरघर. मग तो म्हणाला, "बरं." आणि थोड्या वेळाने, "जेवलीस का?"

त्या संध्याकाळी आम्ही भांडलो. आमचं भांडण आवाज न चढवता होतं, त्यामुळे लांबतं. मी म्हटलं, "तूच म्हणालास ना, तुझं तू ठरव."

"म्हणालो. कारण मी टोरांटो म्हणालो असतो तर तू ते घेतलं असतंस आणि मला जन्मभर ऐकवलं असतंस. आणि व्हँकुव्हर म्हण, असं माझ्या तोंडून निघत नव्हतं. मग काय म्हणणार होतो मी?"

 आई टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. आमचं दोघांचं बोलून झाल्यावरही त्यांचे हात चालूच होते, पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मी पाणी प्यायला उठले तेव्हा त्या खाली बघतच म्हणाल्या, "मला वाटलं होतं यंदा माघात मी घरी असेन."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला इथलं मिळालं की मी जाईन, असं धरून चालले होते. यमूच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. ती एकटीच आहे." यमू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. "मी काही बोलले नव्हते, त्यामुळे तुझी चूक नाही. पण मनवा, हे ठरवताना तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारलंत. मला कुणी विचारलं नाही."

त्यांनी आवाज वाढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. काड्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि हात धुतले. मी आणि अमेय एकमेकांकडे बघत राहिलो. गेले दोन आठवडे आम्ही दोघंच या घरातली माणसं असल्यासारखे अस्वस्थ होतो. तिसरं माणूस रोज आमच्यासमोर कणीक मळत सांगलीचे दिवस मोजत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी अमेयने त्यांच्यासमोर बसून सरळ विचारलं, "आई, तुला कधी जायचंय?" त्या म्हणाल्या, हिवाळा निघू दे, पोरीला बर्फात डेकेअरला पोचवायचं तुला एकट्याला जमायचं नाही. मग त्यांनीच जोडलं, "पण एप्रिलचं तिकीट आजच काढ. नाहीतर तुम्ही लोक पुन्हा विसराल." त्याने काढलं. एप्रिलमध्ये त्या गेल्या. यमूमावशींचं ऑपरेशन त्यांच्यासाठी थांबलं होतं. पुढे मावशी काठी टाकून चालायला लागल्या तेव्हा आईंनी व्हिडिओ कॉलवर आम्हाला आख्खी गल्ली दाखवली, मावशींच्या मागे फोन धरून, धापा टाकत.

आणि मी? मी जेट शिकले. पहिल्यांदा ढगांच्या खूप वर जाऊन स्थिर झालो तेव्हा कॅप्टनने विचारलं, "ऑल गुड?" मी मान हलवली. खाली कुठेतरी रॉकी पर्वत बर्फाने भरलेले होते. मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते मला वाटलं होतं तितकंच सुंदर होतं. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत शेवटी सगळं फोल निघालं असं सांगायची पद्धत आहे. फोल काही निघालं नाही.

पण ये-जा सुरू झाली. ड्यूटी व्हँकुव्हरहून सुरू व्हायची, म्हणून मी आदल्या दिवशी टोरांटोहून निघायचे, विमानात रिकामी सीट उरली तर. गेटपाशी बॅग घेऊन उभं राहायचं, शेवटचा प्रवासी आत जाईपर्यंत. कधी सीट मिळायची, कधी दार बंद व्हायचं आणि पुढच्या विमानाच्या गेटकडे पळायचं. तिकडे विमानतळाजवळ रिचमंडला एका बेसमेंटमध्ये आम्ही सहा वैमानिक मिळून राहत होतो, म्हणजे झोपत होतो. सगळ्यांचा मिळून एक राइस कुकर होता. माझी कलती दुपार म्हणजे ईराची निजायची वेळ. ती फोनवर तिचा दिवस इंग्रजीत सांगायची, मी मराठीत प्रश्न विचारायचे, आणि मध्येच ती म्हणायची, "मम्मा, यू ऑलरेडी आस्क्ड दॅट." व्हँकुव्हरला बाहेर पाऊस पडत असायचा. तिथे असले की मिल्टनला जायची घाई, मिल्टनला असले की डोळा हवामानाच्या नकाशावर आणि पुढच्या फ्लाइटमध्ये किती सीटा रिकाम्या आहेत त्याच्यावर. अमेय एकदा म्हणाला, "तू घरात आल्यावर बूट काढतेस, पण बसत नाहीस."

अठराचा हिवाळा गेला, एकोणीसचा उन्हाळा आला. एका सकाळी रिचमंडला कॉफी करताना ईमेल आला. टोरांटो बेस, जेट, माझा नंबर पोचला होता. बेसमेंटमधल्या बाकीच्यांनी पाठ थोपटली. राइस कुकर मी त्यांनाच देऊन टाकला. घरी फोन केला तेव्हा अमेयने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "बरं." हे वेगळं बरं होतं. जेवलीस का, याऐवजी त्याने विचारलं, "कधी येतेस?"

मला वाटलं, संपलं.

सप्टेंबरात ईराची पहिली सुरू झाली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी घरी होते, ठरवून, सुट्टी मागून. सकाळी ईरा कंगवा घेऊन जिन्यावरून ओरडली, "बाबा, हेअर." अमेय सिंकपाशी तिचा डबा भरत होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि तिला म्हणाला, "आज मम्मा घालेल वेणी."

ईरा अर्ध्या जिन्यात थांबली. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, कुरबूर नव्हती, नुसती शंका होती. "शी डझण्ट नो हाऊ इट गोज," ती बापाला म्हणाली, मी तिथे नसल्यासारखं.

"मग तू सांग तिला," अमेय म्हणाला आणि पोळीचा रोल फॉइलमध्ये गुंडाळत राहिला.

ती माझ्यापुढे खालच्या पायरीवर येऊन बसली. केस दाट झाले होते, माझ्यासारखे. मधोमध भांग नाही, उजवीकडे. वरून सुरू करायचं, कानाच्या मागून बट घेत घेत, घट्ट, पण दुखेल इतकं नाही. हे सगळं ती समोरच्या भिंतीकडे बघत मला सांगत होती आणि मी करत होते. एकदा चुकलं, तिने हात मागे नेऊन चाचपलं आणि म्हणाली, "नो. अंडर." मी सोडवून पुन्हा घातली. माझ्या हातांना कशाचीच घाई नव्हती हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. रबरबँड लावला तेव्हा वेणी जरा डावीकडे कलली होती.

तिने आरशात पाहिलं. डोकं या बाजूला केलं, त्या बाजूला केलं. कोपऱ्यावर शाळेची पिवळी बस वळल्याचा आवाज आला. आता पुन्हा घालायला वेळ नव्हता, पण बापाकडे धावण्यापुरता होता. ती धावली नाही. बॅग पाठीला लावली आणि बाहेर पडली. मी खिडकीतून बघत होते. बसच्या पायरीवर चढताना वेणीची एक बट सुटलेली स्पष्ट दिसत होती. तिने हात मागे नेला, ती बट कानामागे खोचली आणि आत गेली.